गिरणीतलं चांदणं

पलूसच्या आसपास हिवाळा आला की गावोगाव साहित्य संमेलनं भरतात. उसाला तोड आणि कवींना बोलावणं एकाच सुमाराला येतं. सकाळी ग्रंथदिंडी, मग पाहुण्यांची लांबलचक भाषणं, मग आमटी-भाताचं जेवण, आणि जेवणानंतर निम्मा मांडव पेंगायला लागला की कविसंमेलन. असा पेंगलेला मांडव खडबडून जागा करणारा एकच माणूस त्या मुलखात होता, तो म्हणजे जयराज सर.

सर हायस्कुलात इतिहास शिकवायचे. पण त्यांचं चित्त सनावळ्यांत नव्हतं. कधीतरी सांगलीला रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत त्यांना एक इंग्रजी पुस्तक सापडलं होतं, हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या एका चिनी कवीचं. त्या कवीनं म्हणे आयुष्यभर विरहाच्या कविता केल्या आणि त्यांतल्या कित्येकांना नावच दिलं नाही. कवितेत एक बाई असायची, पण ती कोण याचा पत्ता नसायचा. कुणी म्हणालं राजवाड्यातली दासी, कुणी म्हणालं मठातली जोगीण, कुणी म्हणालं छे, ती त्याची बायकोच. कवी काही बोलला नाही आणि एक दिवस मरून गेला. तेव्हापासून लोक तिला शोधतायत. ही गोष्ट सर प्रत्येक मांडवात सांगायचे. सांगताना आवाज खाली आणायचे, मध्येच थांबायचे, आणि मग आपली कविता म्हणायचे. त्या कवितेलाही नाव नसायचं हे सांगायला नकोच. लोक चिनी कवीचं नाव घरी पोचेपर्यंत विसरत, पण गोष्ट लक्षात ठेवत. माघारी सरांना सगळे ‘चिनी सर’च म्हणत.

त्यातली एक कविता फार गाजली.

भर दुपारी तिच्या केसांत
चांदणं सांडलेलं असतं,
नाव तिचं मी घेत नाही,
नाव घेतलं की गाणं संपतं.

पहिल्यांदा ती सरांनी पलूसच्याच मांडवात म्हटली. आता दुसऱ्या कुठल्या गावात लोकांनी डोळे मिटून मान डोलावली असती. पण ही कृष्णाकाठची माणसं, त्यांना दुपारचं चांदणं म्हणजे काय हे विचारात पाडतं. मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी ओरडलं, “आवं, दुपारी कुणाच्या केसात चांदणं आसतंय? गिरणीवालीच्या!” आणि मांडव फुटला. हसण्याच्या लाटा तीन वेळा पुढं-मागं झाल्या. सर माईकपाशी उभे होते. त्यांनी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. ते नुसते गालात हसले, डोळे मिटून घेतले आणि पुढची कविता म्हणायला लागले. त्या एका हसण्यानं काय काय केलं, ते सरांना शेवटपर्यंत कळलं नाही.

गिरणीवाली म्हणजे संयोगिता. तिचं माहेर मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात, जिथं भाताची खाचरं आणि पावसाची झड यापलीकडे काही नाही. लग्न होऊन ती पलूसला आली तेव्हा एवढा सपाट मुलूख बघून तिला रडूच आलं होतं. नवरा भाऊसो फौजेत. वर्षातून एकदा सुट्टीला यायचा तेवढाच. घरी सासू बनुबाई, पुढं झालेला मुलगा शिवतेज आणि दारातली पिठाची गिरण. सासऱ्यांमागं गिरण बंद पडायला आली होती. संयोगितानं पदर खोचला आणि चालू केली. पट्टा कसा चढवायचा, गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावून तो पुन्हा खरबरीत कधी करायचा, हरभऱ्याची डाळ दळल्यावर मागून येणाऱ्या गव्हाचं पहिलं पीठ कुणाच्या डब्यात टाकायचं म्हणजे भांडण होणार नाही, हे सगळं ती शिकली. दुपार होईतो तिच्या केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर पिठाचा पांढरा थर बसायचा. लहान पोरं तिला म्हातारी म्हणून चिडवायची. तीही मुद्दाम कंबरेतून वाकून चालून दाखवायची आणि हसायची. अशी हसरी बाई होती ती.

जयराज सर दोन गल्ल्या सोडून राहायचे. त्यांची बायको रेश्मा अंगणवाडीत होती, त्यामुळं दळण टाकायचं काम सरांकडे. ते जोंधळ्याचा डबा स्कूटरवरून आणायचे, बाहेरच्या कट्ट्यावर बसून पुस्तक वाचायचे आणि दळण झालं की “येतो, वैनी” म्हणून जायचे. एवढाच काय तो संबंध. एकदा तिनं विचारलं होतं, सर काय वाचताय एवढं. सरांनी चिनी कवीची गोष्ट सांगितली होती. एवढ्या भांडवलावर गावानं प्रेमकहाणी रचली. पराचा कावळा करायलाही निदान एक पर लागतं, इथं पिठाची चिमूट पुरली.

सुरुवातीला तिला मौज वाटली, खोटं कशाला बोला. दळणाला गर्दी वाढली. बाया डबा ठेवता ठेवता तिच्याकडे निरखून बघायला लागल्या. मग कुणीतरी त्या कवितेला चाल लावली, आणि ती मोबाईलवर गेली. कॉलेजची पोरं गिरणीसमोर गाडी उभी करून ते गाणं वाजवायची आणि फोन तिच्याकडे रोखायची. अशाच एका पोरानं काढलेली चित्रफीत फिरत फिरत थेट काश्मीरच्या छावणीत पोचली. भाऊसोच्या पलटणीतल्या वडूजच्या एका जवानानं ती त्याच्यासमोर धरली आणि म्हणाला, “गड्या, वैनी तर फेमस झाली की रं!”

भाऊसो सुट्टीला आला तो जेवला, झोपला, देवाला जाऊन आला. हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. दोन दिवसांनी गिरणीच्या दारात उभं राहून एवढंच म्हणाला, “त्या मास्तरला म्हण, येकदा चारचौघांत सांगा म्हणावं, ही ती न्हवं. मग मी काय बी बोलणार न्हाई.”

“तुमीच सांगा की त्यास्नी.”

“मी गेलो तर लोकं म्हणत्याली, फौजी भडाकला, म्हंजे खरंच हाय.”

बोलणं खोटं नव्हतं. ती सरांच्या दळणाची वाट बघत राहिली. सर डबा घेऊन आले तेव्हा तिनं मशीन बंद केलं. गिरणीत एकाएकी शांतता झाली की माणसाला आपलाच आवाज परका वाटतो. तिनं सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकलं. “वैनी, मी तुमचं नाव कवा घेतलंय का?”

“न्हाई.”

“मग न्हाई तरी कसं म्हणू? न्हाई म्हणायला सुदीक नाव घ्यावं लागतंय. आन ही न्हवं म्हटलं की लोकं इचारणार, मग कोण? कवितेचं सगळं तिथंच संपलं. त्या चिनी कवीनं मरेपर्यंत तोंड उघडलं न्हाई, म्हणून तर त्यो आजून जिता हाय.”

“आवं सर, त्यो हजार वर्सांमागं मेला. माझा नवरा येत्या सोमवारी जाणार हाय.”

सर कसंनुसं हसले. डबा उचलून स्कूटरच्या पुढ्यात ठेवला. त्या क्षणी तिच्या ओठांवर एक प्रश्न आला होता, ‘मग कोण हाय ती?’ विचारायचं धाडस झालं नाही. उत्तर काय येईल याची भीती होती, आणि त्याहून जास्त भीती आपल्याला कुठलं उत्तर हवंय याची होती. सर माणूस वाईट नव्हते. पण टाळ्यांची चटक लागली की माणूस दुसऱ्याच्या चुलीवर आपली भाकरी भाजायला लागतो आणि त्याला ते कळतही नाही.

भाऊसो सोमवारी गेला. पुढं निवृत्त झाला तेव्हा गावाकडे न येता पुण्यात एका सोसायटीत वॉचमनची नोकरी धरली. मुलगा शिवतेज तिकडंच चाकणला कंपनीत लागला होता, त्याच्याजवळ राहायला लागला. जत्रेला यायचा, पाहुण्यासारखा कॉटवर बसायचा, दुसऱ्या दिवशी जायचा. बनुबाई कधी सुनेला टाकून बोलली नाही, पण कधी तिच्या बाजूनंही बोलली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. फरक इतकाच, की इथं चोराला हारतुरे मिळत होते.

आणि मग हळूहळू संयोगिताचंच मन फितूर झालं. एवढी किंमत आपण मोजली, तर वस्तू आपलीच असली पाहिजे, असं तिला वाटायला लागलं. कोण जाणे, सरांच्या मनात असेलही. कट्ट्यावर बसून पुस्तकातून डोळे वर करायचे ते उगाच का? नाव घ्यायचं नाही म्हणाले, म्हणजे नाव आहे. तिनं मोबाईलवर ऐकून ऐकून सगळ्या कविता पाठ केल्या. मशीन सुरू असलं की शेजारी उभ्या माणसालाही काही ऐकू जात नाही. त्या घरघरीत ती मोठ्यानं कविता म्हणायची, ओठ हलताना दिसले तर बायांना वाटायचं देवाचं काही म्हणतेय. सरांशी मात्र त्यानंतर अवाक्षर बोलली नाही. आणि सरांच्या घरचं दळणही येईनासं झालं. रेश्मा स्वतः डबा कमरेवर घेऊन पार स्टँडमागच्या गिरणीत जायला लागली.

या पावसाळ्याच्या तोंडाला सरांच्या छातीत कळ आली. सांगलीला दवाखान्यात नेलं, चार दिवस काढले आणि गेले. गावानं व्हॉट्सअॅपवर सरांचा फोटो आणि खाली ती कविता टाकली. संयोगितानं त्या दिवशी गिरण बंद ठेवली नाही. बंद ठेवली असती तर लोकांनी त्याचंही गाणं केलं असतं. तिनं जोंधळा दळला, बाजरी दळली आणि मनातल्या मनात रडून घेतलं. रडायचा आपल्याला हक्क आहे की नाही हेच तिला ठाऊक नव्हतं.

दिवसकार्य आटोपल्यावर लालासाहेब आले. संमेलनांचे जुने संयोजक, बोलणं तुपाळ. म्हणाले, आदरांजली सभा ठेवलीय, त्यात साडी-श्रीफळ देऊन तुमचा सत्कार करायचाय, सरांची प्रेरणा म्हणून. ती थक्क होऊन बघत राहिली. मेलेल्या माणसाच्या कवितेसाठी जित्या बाईची अब्रू ताटात घालून मिरवायची, आणि वर नारळ! पण लालासाहेबांच्या डोळ्यांत खरंच आदर होता, हे तिला जास्त लागलं. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

सभेच्या आदल्या दुपारी लाईट गेली होती. गिरण थंड होती. संयोगिता उंबऱ्याशी बसून चाळणीतले खडे वेचत होती, तेव्हा दारात रेश्मा उभी राहिली. हातात डबा नव्हता. कपाळ मोकळं. दोघी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा समोरासमोर आल्या होत्या. संयोगितानं पोतं झटकून पुढं सरकवलं. रेश्मा बसली आणि इकडचं तिकडचं काही न बोलता म्हणाली, “ताई, खरं सांगा. तुमीच का?”

संयोगिताच्या हातातली चाळणी थांबली.

“मी त्यास्नी लय येळा इचारलं,” रेश्मा म्हणाली. “प्रत्येक येळी हसायचे. दवाखान्यात शेवटी इचारलं, आता तरी सांगा. तर म्हणाले, कोणीच न्हाई गं. त्या चिनी पुस्तकात तसं हुतं, म्हणून मी बी तसं केलं. नाव नसलेली बाई आसली की लोकं ऐकत्यात. एवढंच.” तिनं पोत्यावरचं पीठ झटकलं. “मला पटलं न्हाई. मरताना बी खोटं बोलले आसं वाटलं. म्हणून आले. ताई, मी तुमचा लय दुस्वास केला. तुमचं वाटोळं व्हावं म्हणायची. पण आता वाटतंय, तुमीच आसावं. तुमी व्हय म्हणा. न्हाईतर एवढी वर्सं माझ्या घरात राहिलेल्या माणसानं कुणावरच जीव लावला न्हाई, आसं हुतंय.”

‘व्हय’ म्हणायला काहीच लागलं नसतं. संयोगिताच्या जिभेवर ते आलंही होतं, आणि रेश्मासाठी तेवढं नाही, जेवढं स्वतःसाठी. इतकी वर्षं ती त्या शब्दांवर जगली होती. पण समोर बसलेल्या बाईचे डोळे बघितले आणि खोटं बोलवेना. “मी न्हवं, ताई,” ती म्हणाली. “सर माझ्याशी दळणाबिगार फारसं कधी बोलले न्हाईत. माझ्याकडं धड बघितलं बी न्हाई. आता कळतंय ते.”

रेश्मानं चाळणीतला एक खडा उचलून बाहेर टाकला. “म्हंजे आडातच न्हवतं. आमी आपला पोहरा टाकत बसलो.”

दोघी रडल्या. जवळ सरकल्या नाहीत, गळ्यात पडल्या नाहीत, आपापल्या जागी बसून रडल्या. पदरानं तोंड पुसून संयोगिता म्हणाली, “हे उद्या सभेत सांगाल? एवढंच. ही ती न्हवं म्हणून. माझं घर त्याच्यावर अडलंय.”

रेश्मानं पदर सावरला. “त्यांचं नाव जाईल,” ती म्हणाली आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी संयोगिता केस धुऊन सभेला गेली. बनुबाई म्हणाली, जाऊ नगंस. ती गेली, कारण ते वाक्य उच्चारलं गेलं तर ते आपल्या कानांनी ऐकायचं होतं. हॉल भरला होता. सरांच्या फोटोला हार होता. भाषणांत चिनी कवी येऊन गेला, विरह येऊन गेला, चांदणं तर इतक्या वेळा सांडलं की फरशी निसरडी व्हावी. लालासाहेबांनी सत्कार पुकारला आणि सगळ्या माना तिच्याकडे वळल्या, तेवढ्यात पहिल्या रांगेतून रेश्मा उठली. माईक हातात घेतला.

“मला बोलता येत न्हाई. ह्या ताईंचा सत्कार करू नका. कवितेतली बाई ह्या न्हाईत. कोणीच न्हाई. शेवटच्या दिवशी त्यांनी सवता मला सांगितलं. ह्यांनी आमचं फकस्त दळण दळलंय.”

एवढं बोलून ती खाली बसली. संयोगिताला वाटलं, छातीवरचा दगड कुणीतरी उचलला. पण दगडाखाली आता काहीच उरलं नव्हतं हेही तिला त्याच क्षणी जाणवलं. हॉलमध्ये कुजबूज झाली. मागच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, “बायकू आसंच म्हणणार की गं. तिला कसं सोसंल?” दुसरीनं मान हलवली. लालासाहेब घाईनं पुढं आले. ते माईकवर म्हणाले, “वहिनींच्या दुःखाची आम्हाला कल्पना आहे.” आणि साडी आणलीच होती, नारळ आणलाच होता, तर ते दोन्ही त्यांनी खाली उतरून संयोगिताच्या मांडीवर ठेवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांचं नाव गेलं नाही. उलट आणखी मोठं झालं.

पण मोबाईलमध्ये रेश्माचं बोलणं कुणीतरी उतरवलं होतं. संध्याकाळी भाऊसोचा फोन आला. संयोगिता चुलीपुढं भाकरी थापत होती. पिठाच्या हातानंच तिनं फोन कानाला लावला.

“बघितलं मी,” तो म्हणाला. आवाज हलका झाला होता. “शिवतेजनं दाखवलं. सांगितलं येकदाचं मास्तरच्या बायकूनं. बरं झालं. आता गावात यायला तोंड झालं. पुढच्या म्हैन्यात नोकरी सोडून येतो म्हणतोय.”

या शब्दांची तिनं किती वाट बघितली होती. भाकरी तव्यावर करपत होती, तिचं लक्ष नव्हतं. “तुमचा इस्वास बसला म्हणायचा,” ती म्हणाली.

भाऊसो हसला. मोकळं, जुन्या दिवसांसारखं हसला. “इस्वास कसला? मला पयल्यापासनं ठावं हुतं की. तुला वळखत न्हाई व्हय मी? तू तसली न्हाईस.”

तिनं तवा खाली उतरवला. हाताला चटका बसला तो कळलाच नाही.

“ठावं हुतं?”

“व्हय तर. पर लोकं हसायची गं. त्येचं काय करणार?”

तिनं करपलेली भाकरी बाजूला टाकली. सरांनी तिच्याकडे कधी बघितलंच नव्हतं, त्यांचा तिला आता राग येत नव्हता. हा माणूस तिला आरपार ओळखत होता. ओळखून, सगळं माहीत असून, त्यानं तिला एकटीला त्या हसण्यात सोडलं होतं. त्याला शंका असती तर तिनं माफ केलं असतं. शंकेचा घाव बसतो आणि भरतो, हे तिला डोंगरातल्या तिच्या आईनंही सांगितलं असतं. पण याला काय म्हणायचं?

“आगं, ऐकू येतंय न्हवं?” भाऊसो विचारत होता. “येऊ न्हवं मी?”

“लोकं अजून हसत्यात,” संयोगिता म्हणाली. “त्यांचं हसणं थांबलं की या.”

तिनं फोन ठेवला. आतून बनुबाईनं विचारलं, “कुणाचा गं फोन?” तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि परक्या कुणाचा फोन असावा तसं तिला नवऱ्याचं नावच आठवेना. मग ती चुलीपुढं बसून राहिली, आणि बनुबाई काठी टेकत बाहेर आली तेव्हा सून गुडघ्यांत डोकं घालून हमसाहमशी रडत होती.